सुपातले

टोलीडोत, मॉमी नदीच्या काठाला
आमचे सव्वीस सायलो. मका, सोयाबीन, हिवाळी गहू.
धान्यात माणूस बुडतो, पाण्यात बुडतो तसाच,
फक्त हात हलवायला जागा नसते.

मी हेमांगी, सेफ्टी इंजिनिअर. इथे सगळे 'हेम' म्हणतात
आणि मी लांबून दिसले की हेल्मेटं डोक्यावर चढतात.
एकोणीस वर्षं पगार घेतेय
जे घडलं नाही त्याचा.

मार्चमध्ये एक सल्लागार तक्ता घेऊन आला.
प्रत्येक हुद्द्यापुढे आकडा:
यंत्र तुमची खुर्ची कितपत घेईल.
माझ्यापुढे हिरवा ठिपका. "तुमचं क्षेत्र वाढतंय," तो म्हणाला,
स्थळ जमवून दिल्यासारखा चेहरा करून.
त्याच आठवड्यात आम्ही तिघांचे एक झालो.
रोशेलनं तिचं निवडुंग माझ्या टेबलावर ठेवलं.
ड्वेननं काहीच ठेवलं नाही.

मग एकेचाळीस कॅमेरे.
ते चष्मे मोजतात, हातमोजे मोजतात,
वाकलेल्या पाठीचा कोन मोजतात,
जेवायला जात नाहीत.
खोटं कशाला बोलू, कामाचे आहेत.
एप्रिलमध्ये पट्ट्याचं एक बेअरिंग तापत होतं.
मला दुपारी कळलं असतं, यंत्रणेला पहाटे चारला कळलं.
दुपारी कदाचित मीच नसते, धूळ पेटायला वेळ लागत नाही.

तरी.

पडद्यावर आलेख उतरला. 'थोडक्यात बचावले' या सदरात
महिन्याला चाळीस होते, सहा झाले.
वरच्या मजल्यावर केक कापला.
मीही तुकडा खाल्ला आणि खाता खाता वाटलं,
बचावणं कमी झालेलं नाही, सांगणं कमी झालंय.
पूर्वी कॉफीच्या यंत्रापाशी कुणीतरी मान खाजवत म्हणायचं,
"हेम, काल जिन्यावर जरा पाय सटकला."
आता सटकलेल्या पायाला नाव असतं, वेळ असते, फोटो असतो.
म्हणून पाय तिथेच सटकतात
जिथे कॅमेरा नाही.

यूजीन पाव्लाकचा फोन रविवारी रात्री आला. वय बासष्ट,
तळघरातल्या पट्ट्यावर उभी हयात.
"लिहून घेणार नसशील तर सांगतो."
मी पेन खाली ठेवलं. त्याला ऐकू जाईल असं ठेवलं.

नऊ नंबरच्या जाळीच्या दाराला चुंबक लावलंय.
दार सताड उघडं, सेन्सरला वाटतं बंद.
चालत्या पट्ट्यात हात घालून अडकलेलं काढतात,
थांबवला तर वर मिनिटं मोजली जातात.
आणि माझ्या तक्त्यात नऊ नंबर
पाच महिने हिरवागार.

सोमवारी खाली उतरले. कुणाच्या तरी फ्रिजवरचं चुंबक,
त्यावर ईरी सरोवराचं दीपगृह.
कठड्यावर धूळ. बोटानं नाव लिहिता आलं
तर धूळ जास्त झाली, हा आमचा जुना हिशेब,
कॅमेऱ्यांच्याही आधीचा.
मी 'हे' लिहिलं. मात्रासुद्धा नीट उमटली.

यूजीनला जात्याची म्हण सांगितली, कशीबशी इंग्रजीत:
जात्यातले रडतात, सुपातले हसतात.
सूप म्हणजे काय ते हातवाऱ्यांनी.
तो बराच वेळ गव्हाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "आणि ती पाखडणारी बाई?"

म्हणीत ती नाहीच.
मी त्याला तसं सांगितलं.

अहवाल भरला. दार: नऊ. प्रकार: चुंबक.
कारण: मिनिटं.
'कुणी लावलं' या रकान्यात एक आडवी रेघ मारली.
यंत्रणेनं अर्ज परत पाठवला: रकाना अपूर्ण.
मी तसाच पुन्हा पाठवला.
आज तिसऱ्यांदा परत आलाय.
चुंबक कोटाच्या खिशात आहे, गाडीच्या किल्ल्या
त्याला चिकटून बसतात,
आणि रेघ
मी पुन्हा ओढतेय.